जागा बदलल्यावर

मंडळी, आज दुपारी पुणतांब्यात खेळ तयार करण्याची कार्यशाळा घेतली. शेतकऱ्यांच्या एका गटाने कालव्याच्या पाण्याचा खेळ पटावर मांडला. कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या चारीच्या तोंडाशी असलेला खेळाडू हवं तितकं पाणी घेई. शेवटाला, टेलला असलेल्याचं पीक दर डावात जळे.

मी म्हटलं, "जागा बदला. आपल्या खऱ्या शेताच्या जागी कोणी बसायचं नाही."

तोंडाशी जमीन असलेले भाऊसाहेब टेलला बसले. टेलच्या मंदाताई तोंडाशी बसल्या. त्यांचा खरा कांदा उद्याच्या पाण्याच्या पाळीवर उभा आहे.

मंदाताईंनी शांतपणे सगळं पाणी घेतलं. पुढच्या डावातही घेतलं.

भाऊसाहेब ताडकन उठले. "ओ वैनी, ही चोरी हाय!"

"व्हय का भाऊजी? मंग चारीवर तुमी काय करता?"

 मी मध्ये पडले नाही.

भाऊसाहेबांनी पटावरच्या टेलवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "नियम बदला. आधी टेलला पाणी."

"खेळात, का उद्या चारीवर?" मंदाताईंनी विचारलं.

भाऊसाहेब चपला घालून निघून गेले.

खेळात पटलेला नियम माणूस शेतात पाळतो का? अनुभव असेल तर लिहा. नुसते अंगठे नकोत.