तात्या हवालदार आणि शाळेचा आड

रोज सकाळी तात्या हवालदार शाळेमागच्या संडासाच्या चरांवरून फेरी मारत. हातात वेताची काठी, छाती ताठ. एखाद्या चरात कुणी माती लोटलेली नसली की त्यांचा आवाज पार ओढ्यापलीकडे जाई, "कुन्या बहाद्दरानं घान उघडी टाकली रं? फालिन!" मग आम्ही सेवापथकातले वीसजण, निम्मे दात घासत, रांगेत उभे. गुन्हेगार सापडेपर्यंत चहा बंद!

तात्यांचं गाव रहिमतपूरपासून दोन कोसांवर. लढाई संपून ते पलटणीतून घरी आले, तेव्हा शाळेतली पोरं ओढ्याचं पाणी पीत आणि त्याच ओढ्याकाठी परसाकडे बसत. पावसाळ्यात हगवणीनं दोन पोरं दगावली. तात्या तडक साताऱ्याला आले आणि मॅट्रिक होऊन रिकामे फिरणाऱ्या आमच्या सेवापथकाला त्यांनी गाठलं. "भाषनं लय झाली. पहारी घ्या न् चला. शाळंला आड पायजे." आम्ही गेलो. त्यांनी विहिरीत उडी मारा म्हटलं असतं तरी मारली असती, इतका मी त्या माणसावर भाळलो होतो.

त्या गावचा आमच्यात एकच गडी होता, शिवराम. महारवाड्यातला, दगड फोडण्यात पटाईत. त्याची सखू दुसरीत होती. तहान लागली की तिनं शाळेतल्या माठापाशी ओंजळ धरून उभं राहायचं. वरच्या आळीतल्या कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार, नाही तर पोर तशीच घरी. शिवरामनं पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत सांगितलं, "तात्या, आड झाला की माझी सखू आपल्या हातानं पानी शेंदून पिनार. कबूल आसंल तर पहार धरतो."

तात्यांनी छातीवर हात मारला. "आरं, गोळीनं कवा कुनाची जात इचारली न्हाई. हवालदाराची जबान हाय ही!"

आणि पुढचे तीन आठवडे ते त्या शब्दाला जागले, हे मी नाकारणार नाही. शिवरामला शेजारी बसवून जेवत, त्याच्या फडक्यातली भाकरी मोडून घेत. कुणी नाक मुरडलं तर म्हणत, "भूक न्हाई वाटतं तुला? मग ऊठ, दगड उपस." मुरूम संपून काळा पाषाण लागला. आमच्या तळहातांची सालटी निघाली. ज्याच्या पहारेखाली झरा फुटेल त्यानंच पहिला पोहरा शेंदायचा, अशी आमच्याकडची जुनी रीत. झरा फुटला तो शिवरामच्या पहारेखाली. तात्यांनी चिखलातच त्याला मिठी मारली. "उद्याच्याला पयला पोहरा तुजा, न् दुसरा सखूचा!"

दुसऱ्या दिवशी अख्खा गाव जमला. नारळ फुटला. शिवराम धुतलेल्या सदऱ्यात, सखू तेल लावून, वेणी घालून बापाचं बोट धरून आलेली. एवढ्यात पंचांनी तात्यांना लिंबाखाली बाजूला घेतलं. तात्या परत आले ते मान खाली घालूनच.

"शिवराम, दोन पावलं मागं."

शिवराम हसला. त्याला वाटलं, नेहमीची कवायत.

"मस्करी न्हाई. तुमी शेंदलंत तर गावातलं एक पोरगं शाळंत ऱ्हानार न्हाई, म्हनत्यात. आड झाला ह्येच लय झालं. सखूला वतील वरनं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "वसंता, तू शेंद."

मी शेंदला. टाळ्या पडल्या. सखू बापाला विचारत होती, "आबा, आपली पाळी कवा?" शिवरामनं तिला उचललं आणि तो चालू लागला. आठवड्याभरात बिऱ्हाड घेऊन तो सांगलीला हळद साठवायच्या पेवांवर हमालीला गेला.

नारळ फुटला त्याच संध्याकाळी मी तात्यांवर ओरडलो, "तुमची जबान कुठं गेली?" ते एवढंच म्हणाले, "गड्या, लढाईत दुश्मन समोर आसतो. हितं समदे भाऊबंद." अरे, मग छाती कशाला ठोकलीत? विश्वासानं मान दिली होती त्यानं, आणि तुम्हीच ती कापलीत!

दोन वर्षांनी तात्यांचा निरोप आला. अंथरुणाला खिळले होते. शिवरामला भेटून माफी मागून ये, म्हणाले. मी सांगली गाठली. शिवराम पोती उतरवत होता. त्यानं मला सावलीत बसवलं, सगळं ऐकून घेतलं.

"तात्यांचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "त्यास्नी भाऊबंदांचं भ्या हुतं. तुमी तर साताऱ्याचे. तुमाला कुनाचं भ्या हुतं, वसंतराव? पोहरा तुमी का धरला?"

तो पुन्हा पोती उतरवायला गेला.

परत आलो तेव्हा तात्या दाराकडं डोळे लावून होते. मी म्हणालो, "त्यानं माफ केलं." त्यांनी मोठा श्वास सोडला. "लय मोठ्या मनाचा गडी," म्हणाले. तिसऱ्या दिवशी गेले.

मी खोटं बोललो होतो. शिवरामनं माफ कुणालाच केलं नव्हतं, आणि स्वतःसाठी माफी मागायचं तर मला सुचलंही नव्हतं.