पांढरी मातामाय

"हा रंग तुमच्या अंगावर मरून राहिला, मॅडम," एक डोळा मिटून ती म्हणायची. आमच्या गोंदियातल्या शाळेत ती चित्रकला शिकवायची. नवी साडी नेसून आलेल्या बाईचा दिवस एका वाक्यात नासवायची; पुढच्या खरेदीला मात्र तीच बाई तिला सोबत न्यायची. अशी तिखट माणसं तुम्हीही पाहिली असतील.

तिचा नवरा अचानक गेला. सुतक संपल्यावर ती फिकट साडीत, मोकळ्या कपाळानं शाळेत आली. कामठ्याला, सासरी, सासूनं तिच्या रंगांतून लाल तेवढा काढून घेतला होता. हे सांगताना ती हसली. आम्ही कोणी हसलो नाही.

त्यानंतर तिनं मातामायचं मोठं चित्र काढलं. गावोगावी शेंदूर फासलेली असते तीच देवी, पण पांढऱ्या लुगड्यात, कोऱ्या कपाळाची.

"अशी का?" मी विचारलं.

"हिचा नवरा कोनं पाह्यला? तरी हिले लाल नेसवतात. मले काऊन नाई?"

शहरातल्या प्रदर्शनात चित्र लागलं आणि दुसऱ्याच दिवशी माणसं चालून आली. पुढे तिचा दीर.

"देवीले रांडमुंड केलं इनं," कोणी तरी म्हणालं.

प्रदर्शन भरवणारा घाबरला. "मॅडम, टिकली लगा दो, बात खतम."

दिरानं लाल रंगाची ट्यूब तिच्या हातात दिली.

"घरी या रंगाले हात लावू देत नाई, भाऊजी. इथं कायले देता?"

"लावा, वहिनी."

तिनं कुंकू रेखलं. मग त्यांनी लुगडंही लाल करायला लावलं. तासभर ती रंगवत होती आणि माणसं छातीवर हात बांधून बघत होती. झाल्यावर त्यांनी देवीचा जयजयकार केला.

त्या संध्याकाळी सासूनं तिची बोटं रॉकेलनं घासली. सोललेली बोटं तिनं आम्हाला दाखवली. "एवढा साफ माझा ब्रशही कधी झाला नाई," म्हणाली. त्याच महिन्यात नोकरी सोडून ती सालेकशाला माहेरी गेली. आता चित्र काढत नाही, असं कळतं.

चित्र एका देवळाच्या सभागृहात आहे. नवरात्रात मी पाहून आले. खाली कोपऱ्यात तिची सही होती. विधवेचं नाव देवीपाशी नको म्हणून त्या सहीवर जाड लाल पट्टा ओढलाय. सवाष्णींची रांग लागली होती. देवीच्या पायाला कुंकू लावून झालं, की त्या वाकून त्या पट्ट्यालाही लावत होत्या.