बद्रीनाथ सरांसाठी राखून ठेवलेली दुपार

गुरुवारी दुपारी बद्रीनाथ सरांनी धायरी बुडवली. खरोखरीची नव्हे, संगणकावरची. संशोधन संस्थेतल्या त्यांच्या भूजलाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक विहिरीचं पाणी शेजारच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलं होतं.

"बाप्पा! हे काय झालं?" सर मूळचे अमरावतीचे, घाबरले की पुण्यातली सगळी वर्षं पुसली जात.

झालं एवढंच होतं, की टपरीवर चहा पिता पिता त्यांनी प्रोग्रॅमर अवनीला गाठलं होतं. "फक्त एक छोटंसं कर गं. पाणी जमिनीखाली किती खोल आहे ते नको, समुद्रसपाटीपासूनची पातळी दाखव." बिचारीनं अर्धं बदललं, अर्धं राहिलं, आणि जमिनीखालची खोली जमिनीवरची उंची होऊन बसली. आणि उद्या सकाळी धायरीचे विहीरमालक येणार होते! वर्षभर विहिरीत दोरी सोडून मापं दिलेल्या त्या लोकांना हा पूर दाखवला असता, तर सरांना पुन्हा कुणी काठाशी उभं केलं नसतं.

सर मुकाट्यानं फरहत मॅडमच्या टेबलापाशी गेले. कुठलं काम कुणी, कधी करायचं ते याच ठरवत.

मॅडम कधी आवाज चढवत नसत. त्यांचे वडील हमीदभाई लग्नाच्या जेवणांची कंत्राटं घेत. पाहुणे मोजून झाले की जेवणाची एक जादा देग बाजूला झाकून ठेवायची, ही त्यांची रीत. न बोलावलेलेच पहिल्या पंगतीला बसतात, हा अनुभव. लेकीनं तीच रीत ऑफिसात आणली. दर सोमवारी टेबलाटेबलाशी जाऊन "पुढे काय काय लागणार?" असं विचारायचं, कामं आखायची, आणि थोडी जागा मोकळी सोडायची. अवचित उगवणाऱ्यांसाठी.

"अवनी आज दुपारी मोकळी आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठीच ठेवलीय."

"माझ्यासाठी? अहो, मी असं काही करीन हे मलाच कुठे ठाऊक होतं?"

"मला होतं. दाखवायचा दिवस जवळ आला की तुम्हाला सुचायला लागतं. गेल्या आठवड्यातला चालता प्रोग्रॅम जपून ठेवलाय, तो ती परत लावेल. तुमची पातळी पुढच्या आठवड्यात, नीट तपासून."

संध्याकाळच्या आत धायरीचं पाणी आपापल्या विहिरीत उतरलं. सरांचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या त्याला कल्पना सुचली.

"मॅडम, आता चालतंयच, तर नकाशाचा निळा रंग जरासा..."

मॅडमनी नुसतं वर पाहिलं.

"बरं, राहिलं. मग उद्या सकाळी मंडळी यायच्या आधी मी काय करू?"

"उशिरा या."