दुर्गाबाईचं मागणं

“देव आयकून राह्यला, मंग कायले ओरडाचं?” असं दुर्गाबाई एकदा शकुनबाईला म्हणाली होती. मारुतीच्या देवळात ती घंटा वाजवत नसे, आरती म्हणत नसे, ओठसुद्धा हलवत नसे; म्हणून शेजारच्या शकुनबाईनं तिला टोकलं होतं. देवळाची झाडलोट आणि मारुतीचा शेंदूर यादोरावांकडे असे. त्यांनी ते ऐकलं आणि ते त्यांच्या मनातून गेलं नाही. देव ऐकतो असं त्यांनाही वाटे, पण सणावारी.

गाव अड्याळच्या बाजाराला जाणारं. दुर्गाबाईच्या घरी कोशाच्या रेशमाचा माग. नवरा नंदलाल विणायचा, ती धाग्याच्या कांड्या भरायची. मुलगा कुंदन दोन वर्षांपूर्वी बापाशी भांडून सुरतेला गेला. मागावर पोट भरत नाही, असं तो म्हणाला. मग तोंड दाखवू नको, असं नंदलाल म्हणाला. तेव्हापासून निरोप नाही. घरात फोन एकच, तोही नंदलालच्या खिशात. दुर्गाबाई दर शनिवारी देवळात येई, बराच वेळ हात जोडून उभी राही, निघून जाई. ती काय मागते हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पोरगं घरी यावं. तिला कुणी विचारलं मात्र नव्हतं.

पोळ्याच्या आधी यादोरावांना अनोळखी नंबरवरून कुंदनचा फोन आला. मंडईला येतोस ना, असं त्यांनीच विचारलं. दिवाळीनंतर इकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, आणि कुठंही गेलेला माणूस त्या दिवशी आपल्या गावात असतो. सोयरिकी तिथंच जमतात, जुनी भांडणं तिथंच मिटतात. कुंदन म्हणाला, येत नाही, आईले सांगा. आणि त्यानं फोन ठेवला.

यादोरावांनी सांगितलं नाही. तिची आस आपल्या तोंडानं का तोडायची, असा त्यांचा विचार. आज सांगू, उद्या सांगू करता करता दिवाळी आली, आणि कुंदन येतो का ते पाहायला शकुनबाईनं दाणे लावायचं काढलं. रीत साधी होती. धानाचा एक दाणा मारुतीच्या उजव्या खांद्यावर चिकटवायचा, एक डाव्या. डावा आधी पडला तर काम होणार. यादोरावांना ते आदल्या दिवशीच कळलं. पहाटे त्यांनी उजव्या खांद्यावर तेलात कालवलेला शेंदूर जाड थापला, डावा कोरडा ठेवला. देवाच्या अंगावर ही लबाडी आपण करू शकलो, याचं त्यांना मागाहून नवल वाटलं.

शकुनबाईनंच दाणे लावले. डावा पडला.

“घे वं बाई, येते तुहा पोरगा. आता लाडू मले पहिले.”

गल्लीभर झालं. दुर्गाबाई कांड्या भरत राहिली. नंदलालनं मात्र दाराला रंग दिला, आणि मंडईच्या दिवशी पोराचं नाव न घेता सकाळीच बसस्टँडवर जाऊन बसला. शेवटची गाडी गेल्यावर तो उठला आणि भरल्या मंडईतून, कुणाकडे न पाहता, घरी गेला.

पुढच्या शनिवारी दुर्गाबाई येणार नाही, असं यादोरावांनी धरून ठेवलं होतं. ती आली. नेहमीसारखी उभी राहिली. रडली असती, मारुतीला शिव्या घातल्या असत्या, तर ते कदाचित गप्प राहिले असते. त्यांनी शेंदराचं सांगून टाकलं. खोटं देव बोलला नाही, मी त्याला बोलायला लावलं, तू त्याच्यावरचा विश्वास सोडू नको, असं ते पुन्हापुन्हा म्हणाले. दाणे शकुनबाईचे होते, दुर्गाबाई म्हणाली. तिनं तिकडे नीट पाहिलंही नव्हतं. मग आपल्याला आधीच ठाऊक होतं हे सांगणं भाग पडलं.

“कुंदनचा फोन आला होता. येत नाही म्हणे.”

“त्याचाच आवाज होता?”

“त्याचाच. काही खाऊन राह्यला होता. चांगला वाटला.”

“कवाची गोष्ट?”

“पोळ्याच्या आंधीची.”

ती मूर्तीकडून त्यांच्याकडे वळली.

“यादोभाऊ, त्यानं यावं असं मी कधी मांगतलंच नाही. येईल नाही तर नाही येईल. जिता हाये, एवढं कानावर पडू दे म्हणत होती. दोन साल झाले.”

यादोराव मारुतीकडे पाहू शकले नाहीत. पोळ्यापासून दर शनिवारी ती त्यांच्या शेजारी उभी राहून तेवढंच मागत होती, आणि ते त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं.

त्यांनी फोन काढला, नंबर शोधला, लावला आणि तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला. पलीकडे रिंग जात होती. फोन कानाला लावून, चपला पायरीवर तशाच ठेवून, ती देवळाबाहेर पडली.