दोन चुलींची वर्गणी

मानीबाईकाकीच्या घरचा महिन्याचा हिशेब मी मोबाइलवर जुळवला आणि सगळे जेवायला बसलेले असताना मोठ्यानं जाहीर केलं, "काकी, चारशे कमी येऊन राह्यले."

तोंड बंद ठेवलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण मी तांड्यातला एकटा बी.कॉम. आणि मोबाइल नवा होता.

काकी शाळेत गेलेली नाही. फुलसावंगीजवळच्या आमच्या बंजारा तांड्यात तिचा संसार एका बिस्किटाच्या डब्यावर चालतो. पैसे कोणीही काढावेत, पण रात्री पहिला घास घेण्याआधी कशाला काढले ते सांगावं, हा तिचा नियम. तिचा मुलगा जीवनदादा विड्यांचे दहा रुपयेही मान खाली घालून सांगतो. त्यामुळे न सांगता गेलेल्या पैशाला त्या घरात एकच नाव आहे.

काकीनं सुनेकडं पाहिलं. दिवसभर डब्याजवळ शीलाच असते.

"मी नाही घेतले, याडी," शीला म्हणाली. याडी म्हणजे आई.

"म्या तुयं नाव घेतलं काय?"

"पाह्यलं तं माह्याकडंच."

जीवनदादानं ताट सरकवलं. रूपसिंगकाका मात्र भाकर इतकी बारीक कुस्करत होते, की ती आता कोंबड्यांच्याच कामाची होती.

दुसऱ्या दिवशी राखी. शीलाचा भाऊ ओम पुसदकडून मोटारसायकलवर न्यायला आला, तेव्हा तिची पिशवी दारात होती. एक नाही, तीन. तान्ह्या पोरीचा पाळणाही सोडून ठेवलेला.

"राखीले एवढं सामान?" ओम हसत म्हणाला. बाकी कोणी हसलं नाही.

"चोरीचं नाव घेऊन मी या घरात परत येत नाही," शीला म्हणाली.

काकीनं मला हाक मारली. "भारत, काढ तुयं ते यंत्र. एकेक वाच. कोणी काढले, कोणाले देल्ले, सारं."

मी वाचू लागलो. किराणा, गॅस, पोरीचं औषध. प्रत्येकाला कोणीतरी हो म्हणत होतं. शीला पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. यादी संपत आली तसा माझा आवाज बारीक झाला.

"तिजेची वर्गणी, चारशे. काकांनी देल्ले, मले."

"बरोबर," काकी म्हणाली. "चुलीमागं चारशे."

"हो. जीवनदादाच्या चुलीचे चारशे वेगळे. तेही काकांनीच देल्ले, पण ते तुमच्या हिशेबात कायले..."

मी मोबाइल खिशात घालू लागलो.

"जीवनच्या कोणत्या चुलीचे?" काकीनं विचारलं.

आमच्याकडं तिजेच्या सणाची वर्गणी चुलीवर असते. घरात गॅस आला तरी मोजायची चूलच, आणि एका घरात दोन चुली म्हणजे पोरगं वेगळं निघालं. वर्गणी गोळा करायला मी गेलतो तेव्हा मागच्या पडवीत शीला तीन दगडांवर भांडं ठेवून बसली होती. मी हुशार माणूस. अंगणात काकांना म्हटलं, "दोन चुली झाल्या, आठशे द्या."

"मी पोरीच्या आंघोळीचं पाणी तापवून राह्यली होती," शीला म्हणाली.

सगळे काकांकडं वळले. ते खाटेवर पायजम्याचे धागे काढत बसले होते.

"अवो, मंग त्या रात्री चारशेच काहून सांगितले?" काकीनं विचारलं.

"दोन चुलीचे देल्ले, हे मी माह्या तोंडानं कसं सांगू?" काका म्हणाले. "मले वाटलं, पोरगं वेगळं निघालं अन् मलेच सांगितलं नाही. म्हटलं, सांगतीन कधीतरी."

"बापू, तुम्ही पंधरा दिवस हेच धरून बसले?" जीवनदादा म्हणाला.

काकीनं माफी मागितली नाही. तिला ते येत नाही. तिनं तीनपैकी दोन पिशव्या उचलून आत नेल्या आणि पाळणा परत बांधायला घेतला. गाठ नीट बसेना, तेव्हा शीलानंच दोरी हातातून घेतली. मग एकाच पिशवीसह ती भावाच्या मागं बसली.

"भाऊजी," निघताना ती मला म्हणाली, "दुसऱ्या चुलीचे चारशे परत करा."

वर्गणी मंडपवाल्याला देऊन झाली होती. खिशातले दोनशे मी तिथंच दिले.

शीला तिसऱ्या दिवशी परत आली. तीज होऊन गेली. काकीच्या घरी अजून रोज जेवणाआधी खर्च सांगतात, आणि शेवटी काकी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "अन् भारतकडचे दोनशे." आमचं घर भिंतीला भिंत लागून आहे. मी टीव्हीचा आवाज वाढवतो.