बंबाला जुंपलेली पटाची जोडी

कोसमपूरला नगरपालिका आहे हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागे. पण लटारूची जोडी कोसमपूरची, हे आरमोरीपासून अहेरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. धान घरात आलं की गावोगाव शंकरपट भरत, बैलांच्या शर्यती. तिथल्या सरळ धावपट्टीवर लटारूची पांढरी जोडी उतरली की चहा पिणारेही कप ठेवून उठत. लटारू स्वतः काटकुळा, वाऱ्यानं उडेल असा. देवानं शरीरात केलेली काटकसर आवाजात भरून काढली होती. त्याच्या बैलांना कधी चाबूक लागला नाही. त्यानं एक आरोळी ठोकायची, गर्दीनं ती उचलायची, आणि मग ते बैल कोणाच्या बापाला ऐकत नसत. वासरं असल्यापासून त्यानं त्यांच्या कानाशी डबे बडवून, ओरडून ती सवय लावली होती.

त्याच आवाजानं तो मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत पहाटे बायकोला उठवायचा. सुगंधाबाईची झोप म्हणजे दगडाची झोप. हलवून, पाणी शिंपडून काही होत नसे. लटारूनं अंगणात उभं राहून "मनकर्णेच्या माऽय!" अशी हाक घातली की ती ताडकन उठे. मनकर्णा ही त्यांची लेक, चिमूरला दिलेली. तिच्या नावानं तिची आईच काय, सगळा मोहल्ला जागा होई. शेजारची खैरुन म्हणायची, "लटारूभाऊ, तुमच्यापायी आमाले कोंबडा पोसाचं काम नाई पडत."

खैरुनचा नवरा कय्यूम बंबावर होता. हा आगीचा बंब दोन गावांत मिळून एक: कोसमपूर आणि नदीपल्याडचं गाव. लाकडी गाड्यावर पाण्याची टाकी, दोघांनी वरखाली करायचा दांडा, आणि कय्यूमच्या हातात कापडी पाइप. बंब बहुतेक पल्याडच असे. "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी" ही म्हण कोसमपूरनं अनेकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. शेवटी पल्याडच्यांनी निरोप धाडला की बंब आणि त्यावरचा माणूस आम्ही पोसतो, तुम्ही बैलजोडी आणि हाकणारा पोसा, मग बंब हवं तर तुमच्याकडे राहू द्या.

बजेटची सभा याच गोष्टीवर अडली. चांदा जिल्हा तेव्हा अजून मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूरहून येणारी मदत वाटेतच दमत असे. पालिकेपुढे दोन कामं होती, बंबाचे बैल आणि बाजारावरचं टिनाचं छप्पर. पैसा एकाच कामाचा होता. अध्यक्ष भैयाजी छपराच्या बाजूचे, कारण छप्पर लोकांना रोज दिसतं.

"बैल सालभर बसून खातीन," भैयाजी म्हणाले, "अन् आग लागन का नाई हे कोनाले मालूम हाये?"

मागची दोन वर्षं आग लागली नव्हती, तेव्हा ती आता लागायची विसरली असावी, असा सभेचा एकूण समज दिसला. लटारू गवताच्या छपरांच्या मोहल्ल्याचा मेंबर. एक ठिणगी पडली तर पहिली राख त्याच्याच मतदारांची होणार. त्यानं बैलांसाठी हट्ट धरायला हवा होता, आणि तो त्यासाठीच उठला होता. पण उठल्यावर सगळी सभा आपल्याकडे बघते आहे हे त्याला दिसलं, आणि माणसाची हौस कुठल्या वेळी तोंडातून बाहेर पडेल याचा नेम नसतो.

"मी देतो माही जोडी," तो म्हणाला. "फुकट. हाकीन बी मीच. आपल्या गावचा बंब असा पोचन का आग पाहत राहीन."

सभेनं टाळ्या वाजवल्या. छप्पर मंजूर झालं. टाळ्या चालू असतानाच लटारूला पटावरची गर्दी आठवली. आपले बैल गर्दीच्या आरोळीवर काय करतात हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? आणि आगीच्या जागी गर्दी आरोळ्या मारणार नाही तर काय भजन म्हणणार? त्यानं त्याच वेळी शब्द मागे घ्यायला हवा होता. पटवाल्या माणसाला तेवढंच जमत नाही.

पल्याडहून बंब आला आणि त्याची टपरी लटारूच्या गोठ्याशेजारी उभी राहिली. लटारू जोडी जुंपून पाहू लागला. रिकाम्या रस्त्यावर बैल शहाण्यासारखे चालत. आठवडी बाजाराच्या कडेनं नेले तर कान उभे करत, नाकपुड्या फुगवत, आणि लटारू वेसण आखडून त्यांना घराकडे वळवी. ही गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नाही. भैयाजींना सांगितली असती तर छपराची टिनं परत गेली असती आणि त्याचं तोंड काळं झालं असतं. जंगलाच्या बाजूला लोक मोहाच्या झाडांखालचा पाला जाळू लागले होते, म्हणजे पहाटे पडणारी फुलं साफ जमिनीवर वेचता येतात. रोज संध्याकाळी डोंगरावर आगीच्या रेघा दिसत. अंगणात उडत आलेली राख पडे आणि बाया ती झाडून टाकत. लटारू त्या राखेकडे बघत बसे.

मग त्यानं एक तोड काढली. ती ऐकून आधी सगळे हसले. बैलांना सुधारता येत नाही, तर माणसांना सुधारू. तो घरोघर जाऊन सांगू लागला, "आग लागली तं वरडू नोका. पाया पडतो, पन वरडू नोका. चिंचेवर पांढरं धोतर फडकवा, ते दिसलं का मी आलोच."

"तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हनतेत तो हाच का?" खैरुननं विचारलं.

कय्यूम हसला नाही. तो म्हणाला, "बैल तुमचे हायेत, भाऊ. तुमी म्हना तसं."

सुगंधाबाई मात्र नवऱ्याला ओळखून होती. रात्री जेवताना ती म्हणाली, "लोकाइले चूप करून राह्यले. तुमचं तोंड कोन बंद करन?"

"माहं मी पाहतो," लटारू म्हणाला.

मोहल्ला लटारूवर जीव टाकायचा. त्याची जोडी जिंकली की प्रत्येकाला आपण जिंकलो असं वाटे. म्हणून हसत हसत का होईना, लोकांनी ते मनावर घेतलं. पोरं खेळताना ओरडली तर म्हाताऱ्या दटावत. लटारूची पहाटेची हाक सोडली तर हळूहळू त्या मोहल्ल्यात कोणी मोठ्यानं बोलेनासं झालं. परगावचा माणूस आला तर त्याला वाटे, इथे कोणी गेलं की काय.

आग चैतात लागली, भर दुपारी. मोहाच्या दिवसांत बाया पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन जंगलात जातात आणि परत येऊन दुपारी मेल्यासारख्या झोपतात. कोणाच्या चुलीतली ठिणगी उडाली ते पुढेही कळलं नाही. वारा होता, एवढं खरं. कोणीतरी चिंचेवर चढलं आणि पांढरं धोतर फडकलं.

लटारूनं जोडी जुंपली. कय्यूम टाकीवर चढला. बंब मोहल्ल्यात शिरला तेव्हा दोन छपरं पेटली होती आणि गल्लीत माणसंच माणसं होती. एकानंही तोंड उघडलं नाही. बाया पदर तोंडात कोंबून उभ्या होत्या, पुरुष हातोहात घागरी देत होते, लेकरांची तोंडं आयांनी छातीशी दाबली होती. गवत जळताना एवढा आवाज करतं हे गावाला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. बैल थरथरले, पण थांबले. त्यांना सोडता येत नव्हतं, कारण टाकी रिकामी होताच बंब तळ्यावर पळवायचा होता. लटारू समोर उभा राहून दोन्ही वेसणी धरून होता. पाणी सुटलं. पहिलं छप्पर काळं पडलं, मग दुसरं विझायला लागलं. लटारूच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण तरलो, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात वाऱ्यानं एक पेटती पेंढी उचलली आणि गल्लीच्या टोकाला, लटारूच्या स्वतःच्या छपरावर टाकली. त्याची बैलांमुळे तिकडे पाठ होती. खैरुन गर्दीतून वाट काढत आली. तिनं पाहिलं होतं की बाहेर आलेल्या बायांत एक कमी आहे. शिकवल्याप्रमाणे तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू विचारलं,

"लटारूभाऊ, सुगंधाबाई कुठी हाये?"

लटारूनं वळून पाहिलं. विचार करायला सवड असती तर त्यानं कोणाला तरी आत पाठवलं असतं, किंवा वेसण दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतः धावला असता. तशी सवड मिळाली नाही. रोज पहाटे जी हाक निघे तीच छातीतून निघाली.

"मनकर्णेच्या माऽय!"

सुगंधाबाई उठली. पेटलेल्या दारातून केस जळत बाहेर आली, आणि जगली. हाक बैलांनीही ऐकली. ती त्यांच्या धन्याची आरोळी होती, आणि आरोळीचा त्यांना एकच अर्थ माहीत होता. वेसणी लटारूच्या मुठीतून सुटल्या, तो बाजूला फेकला गेला. पाइप धरून उभा असलेला कय्यूम चाकाखाली गेला आणि जागीच संपला. बैल बंबासकट गल्ली ओलांडून, शेत ओलांडून पळत राहिले, आणि मग सगळा मोहल्ला एकदम ओरडायला लागला. आता ओरडून काही होणार नव्हतं. संध्याकाळपर्यंत एकही छप्पर उरलं नाही.

पुढच्या सभेत भैयाजींनी न विचारता बंबाच्या बैलांची तरतूद केली. लटारूनं हात वर केला. जोडी त्यानं सिरोंचाकडच्या माणसाला देऊन टाकली आणि नंतर त्याचा आवाज कोणी ऐकला नाही. सुगंधाबाईला पहाटे तो हलवून हलवून उठवी, तिला उठायला वेळ लागे, आणि तोवर तो तिच्याशेजारी बसून राही.

खैरुननं त्याला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. ती अधूनमधून लटारूच्या नव्या कुडाच्या घराच्या दारात येऊन बसे, सुगंधाबाईनं दिलेला चहा पिई, आणि उठताना दर वेळी त्याला तेच विचारी.

"भाऊ, मी हळूच इचारलं होतं ना?"

लटारू मान हलवी. हो, हळूच.