फिटरच्या वाती

आमच्या घरात सकाळचा पहिला चहा ह्यांचा. निवृत्त झाल्यावर माझ्या नवऱ्याने हे काम स्वतःहून अंगावर घेतलं आणि नाशिकच्या थंडीत मला रजईतच कप मिळू लागला. चहा झाला की आम्ही जॉगिंग ट्रॅकवर जायचो. परतताना मिसळीचा वास आला की ह्यांची पावलं तिकडेच वळायची आणि चालून कमावलेलं सगळं तर्रीत बुडायचं. तरी तब्येत ठणठणीत, असा दावा होता.

मागच्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका आला. चालणं-बोलणं लवकर सुधारलं, पण उजव्या हाताची बोटं ऐकेनात. सातपूरच्या कारखान्यात जन्मभर फिटर असलेल्या माणसाला शर्टाचं बटण लावता येईना. तेही त्यांनी हसण्यावारी नेलं. पण एकदा चहाचं भांडं उतरवताना सांडशी हातातून निसटली आणि सगळा चहा ओट्यावर. नशिबाने भाजलं नाही. तेव्हापासून चहा मी करू लागले आणि ते खिडकीकडे तोंड करून बसू लागले.

"घरात माझं तेवढं एकच काम होतं," एवढंच म्हणाले. मला तो कप गोड लागेना.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने दाबायला रबरी चेंडू दिला. "मी काय कुकुल्लं बाळ आहे?" म्हणून तो कपाटावर गेला. मी समजावलं, रागावले, अबोलाही धरून पाहिला. हट्टीपणात ह्यांचा हात कोणी धरणार नाही.

दुपारी जेवण झालं की मी जमिनीवर बसून समईच्या वाती वळते. देवाचं काम होतं हे खरं, पण मांडी घालून बसायची आणि कशाचा आधार न घेता उठायची सवय मोडू नये, हा त्यात माझा स्वार्थ. एकदा मी मुद्दामच म्हटलं, "अहो, बघा ना, माझी एक वात दुसरीसारखी होत नाही."

मापात नसलेली वस्तू फिटरला बघवत नाही. खुर्ची ओढून ते बसले, थोडं भस्म बोटांना लावलं आणि कापूस ओढू लागले. पहिली वात सुरवंटासारखी झाली.

"रिजेक्ट," म्हणाले आणि दुसरी घेतली.

मग ते रोजचंच झालं. पाटावर खडूने दोन खुणा केल्या, त्यात बसेल तीच वात पास. डावा हात जास्त काम करायला लागला की मी नुसती खाकरायचे. "कळलं, कळलं," म्हणत ते पुन्हा उजव्याला कामाला लावायचे. रिजेक्ट वाती मी टाकल्या नाहीत. संध्याकाळी समईत त्यातलीच एक लावायचे. थोडा धूर व्हायचा, पण देवांनी कधी तक्रार केली नाही.

श्रावणातल्या एका सकाळी मला जाग आली ती ओट्यावरच्या आवाजाने. गॅस पेटला, भांडं ठेवलं गेलं. "ठेवा ते, मी करते," अगदी ओठांवर आलं होतं. पण मी पांघरुणाची कड मुठीत धरली आणि डोळे मिटून पडून राहिले. सगळ्या आयुष्यात इतका अवघड व्यायाम मी केलेला नाही. सांडशी भांड्याला लागल्याचं ऐकू आलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग कपात चहा पडल्याचा आवाज.

ते आले. कपबशी उजव्या हातात होती, डावा हात खाली नुसता तयारीत धरलेला. अर्धा चहा बशीत सांडला होता.

"थोडा रिजेक्ट झालाय," म्हणाले.

मला रडू आवरेना. मी उठून बसले, कप बाजूला ठेवला आणि आधी बशीतलाच चहा प्यायले.